अंदमान: 14 जणांचा ग्रुप, हॅवलॉक-नील फेरीबोटीने, कमी खर्चात. गणित कसं बसवायचं?

चौदा_तिकिटं

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात अंदमानला जायचं घाटतंय. माणसं 14: चार जोडपी, त्यातल्या दोघांचे आईवडील (म्हणजे 4 ज्येष्ठ) आणि 9 ते 13 वयाची दोन मुलं. सुट्टी 7 दिवसांची, त्यात जाणं-येणं धरून. टूर कंपन्यांनी दिलेले दर बघून सगळ्यांचे चेहरे उतरले, म्हणून सगळं स्वतःच बुक करायचं ठरलंय.

पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉक, नील ही दोन बेटं एवढंच करायचंय. बाराटांग बेटाचाही आग्रह एकाने धरला आहे, त्यावरही सांगा. अडलंय ते इथे:

सरकारी बोट की खासगी? सरकारी स्वस्त आहे हे कळलं, पण 14 तिकिटं एकदम मिळतात का?

बोट रद्द झाली तर पुढचं सगळं कोसळतं. ते कसं सांभाळायचं?

एका काकूंना साध्या घाटातही गाडी लागते. त्यांना बोट लागणार हे गृहीतच धरलंय. काही उपाय?

आणि पैशांचा हिशेब. मागच्या सहलीनंतर दोन घरांत महिनाभर अबोला होता, एवढं सांगितलं तरी पुरे.

*

दर्यावर्दी_नाखवा

आधी नावांचा घोळ मिटवतो, कारण बुकिंग करताना इथेच गडबड होते. डिसेंबर 2018 पासून हॅवलॉकचं अधिकृत नाव स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉस बेटाचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. सप्टेंबर 2024 पासून पोर्ट ब्लेअर म्हणजे श्री विजय पुरम. कुठे जुनी नावं दिसतात, कुठे नवी, कुठे दोन्ही. तिकीट काढणाऱ्याने चारही जोड्या कागदावर लिहून समोर ठेवाव्यात.

आता आखणी. ती उलटीकडून करा: शेवटचा दिवस आधी, मग बाकीचे. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री सगळे 14 जण पोर्ट ब्लेअरलाच मुक्कामाला हवेत. "सकाळच्या बोटीने नीलहून निघू, दुपारचं विमान पकडू" हा बेत कागदावर छान बसतो, पण ती एक बोट रद्द झाली की 14 विमान तिकिटं पाण्यात. तुमच्या 7 दिवसांत असं बसतं:

दिवस 1 पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल. दिवस 2 सकाळच्या बोटीने हॅवलॉक, संध्याकाळी तिथला राधानगर किनारा. दिवस 3 हॅवलॉकच. दिवस 4 सकाळी हॅवलॉकहून नील. दिवस 5 नीलहून पोर्ट ब्लेअर, शक्यतो सकाळीच. दिवस 6 मोकळा. दिवस 7 विमान.

सहावा दिवस मुद्दाम रिकामा ठेवलाय. सगळं वेळेत झालं तर त्या दिवशी रॉस बेट किंवा चिडिया टापू करा. बोट रद्द झाली तर हाच दिवस कामी येतो. म्हणून त्या दिवसासाठी पैसे आधी भरावे लागतील असं काहीही बुक करू नका. आणि बाराटांग त्यात अजिबात घुसवू नका. त्यासाठी अपरात्री उठून जिरकाटांगच्या नाक्यावर वाहनांच्या ताफ्यासाठी रांग लावावी लागते. रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून जातो, तिथे थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे. सगळा दिवस जातो आणि ज्येष्ठांची कंबर मोडते ती वेगळीच.

पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक-नील-पोर्ट ब्लेअर हा त्रिकोण आहे. तीनही बाजूंना बोटी चालतात, त्यामुळे हॅवलॉकहून परत येऊन नीलला पुन्हा जायची गरज नाही. या घोळात माणशी एक तिकीट फुकट जातं. 14 जणांत 14.

सरकारी की खासगी: सरकारी बोटी जहाजसेवा संचालनालयाच्या. त्या फिनिक्स बे जेट्टीवरून सुटतात. खासगी कॅटामरान (जोडतळाच्या वेगवान बोटी) हॅडो धक्क्यावरून. दोन्ही जागा वेगळ्या आहेत. रिक्षावाल्याला नुसतं "जेट्टी" सांगून चुकीच्या धक्क्यावर उतरणारे ग्रुप रोज सापडतात. हॅवलॉक आणि नीलला मात्र एकेकच जेट्टी आहे.

वेळेतला फरक: हॅवलॉकला खासगीने दीड तासाच्या आसपास, सरकारीने दोन ते अडीच तास. पैशातला फरक तासाभरापेक्षा मोठा आहे, म्हणून मोह होतो. पण सरकारी तिकिटांचं आरक्षण खासगीसारखं महिनाभर आधी उघडत नाही, प्रवासाच्या काही दिवस आधी उघडतं. बेटावर राहणाऱ्यांना तिथे प्राधान्य असतं, आणि ते असायलाच हवं. ही त्यांची एसटी आहे. त्यामुळे हंगामात 14 जागा एकत्र मिळतीलच असं धरून चालू नका. दोघाचौघांना सरकारी बोट जमते, 14 जणांना नशिबावर.

तुमच्यासाठी माझं मत: जातानाची बोट (पोर्ट ब्लेअर-हॅवलॉक) आणि मधली (हॅवलॉक-नील) खासगी, आत्ताच बुक करा. परतीची नील-पोर्ट ब्लेअर सरकारी मिळते का ते तिथे जाऊन किंवा आरक्षण उघडल्यावर बघा. पाचव्या दिवशी हाती वेळ आहे, मागे मोकळा दिवसही आहे, म्हणजे धोका पत्करायला हीच जागा योग्य. उघड्या डेकवरून जाण्याची मजाही सरकारी बोटीतच. बऱ्याचशा कॅटामरान बंद, वातानुकूलित असतात, वर जाऊ देत नाहीत. खासगीत वरच्या वर्गाचं तिकीट घेऊ नका. बोट तीच, पोहोचायची वेळ तीच, समुद्रही तोच. खुर्ची थोडी मोठी.

सकाळची पहिली किंवा दुसरी बोट घ्या. ती काही कारणाने गेली नाही तर त्याच दिवशी पुढच्या बोटीची आशा राहते. दुपारची शेवटची रद्द झाली की रात्रीच्या खोलीचे पैसेही गेले.

*

पैपैचा_हिशेब

विमानाचा भाग नाखव्यांनी सोडलाय, तो मी घेतो, कारण बजेटचा सगळ्यात मोठा तुकडा तोच.

14 जागा एकदम शोधू नका. एक तर बहुतेक संकेतस्थळं एका वेळी 9 प्रवाशांपर्यंतच बुकिंग घेतात. दुसरं, एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या टप्प्यांत विकल्या जातात. स्वस्त टप्प्यात 5 जागा उरल्या असतील आणि तुम्ही 9 मागितल्या, तर नऊही जागा पुढच्या महाग टप्प्याच्या भावाने दाखवल्या जातात. म्हणून आधी 1 जागा शोधा, मग 3, मग 5. भाव कुठे उडी मारतो ते बघा आणि त्या तुकड्यांत बुक करा. तुकडे पाडताना प्रत्येक कुटुंब एकाच बुकिंगमध्ये राहील हे बघा. ज्येष्ठ स्वतंत्र बुकिंगवर एकटे पडायला नकोत.

10 किंवा त्याहून जास्त लोकांसाठी विमान कंपन्यांचा ग्रुप विभाग असतो. तिथला भाव स्वस्तच असेल असं नाही, कधीकधी जास्तही असतो. त्याचा खरा फायदा वेगळा: थोडी आगाऊ रक्कम भरून जागा धरता येतात आणि नावं नंतर देता येतात. तुमच्यात शेवटच्या आठवड्यात "आमचं काही नक्की नाही" म्हणणारे कोणी असतील तर तो पर्याय विचारून बघा.

मुंबई-पुण्याहून चेन्नई, बंगळूर, हैदराबाद किंवा कोलकात्यात विमान बदलावं लागलं तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळे घेतले तर थोडे पैसे वाचतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर पुढच्याची जबाबदारी कोणाचीच नसते.

चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणमहून प्रवासी जहाज आहे, ते स्वस्त पडेल असं कोणी सुचवेल. एका बाजूचेच सुमारे तीन दिवस जातात. 7 दिवसांच्या सुट्टीत विषय संपला.

आता खोल्या. तुमची 14 माणसं म्हणजे 7 खोल्या असा हिशेब सगळे करतात. प्रत्यक्षात दोन जोडपी मुलासह तिघांच्या खोलीत, उरलेली दोन जोडपी आणि दोन ज्येष्ठ जोडपी दोघांच्या खोलीत. एकूण 6 खोल्या. सहा रात्रींत सहा खोल्या-रात्री वाचल्या. जादा गादीचे पैसे जातील, पण पूर्ण खोलीपेक्षा खूपच कमी. बुकिंग करताना "जादा गादी खोलीत मावते का" हे फोनवर विचारा. बांबूच्या झोपड्या-कॉटेजेसमध्ये कधीकधी खाट सोडली तर जमीनच उरत नाही.

आणि अबोल्याचा विषय. खर्चाचे तीन डबे करा.

पहिला, ज्याचा त्याचा: विमान, फेरी, स्कूबा, खरेदी. हा सामाईक हिशेबात येतच नाही. ज्याने दुसऱ्याचं तिकीट काढलं त्याला त्याच दिवशी पैसे.

दुसरा, खोलीचा: हा माणशी नाही, खोलीप्रमाणे. तिघांच्या खोलीतले तिघे मिळून एक खोली. मुलांना अर्धं धरायचं की पूर्ण हे निघण्यापूर्वी ठरवा. भांडण इथेच होतं.

तिसरा, सामाईक: गाडी-रिक्षा, एकत्र जेवण, हमाली, टिपा. याला एकच खजिनदार. प्रत्येकाकडून सारखी वर्गणी आधी जमा करायची, वर्गणी संपली की दुसरा हप्ता. "तू आता दे, नंतर बघू" बंद. शाकाहारी आणि मासे खाणारे एकत्र असतील तर जेवणं तिसऱ्या डब्यातून काढून पहिल्यात टाका. पापलेट आणि डाळ-भात एका भागाकाराने विभागला की डाळ-भातवाला गप्प बसतो, पण विसरत नाही.

वर एक अडचणनिधी: माणशी एका रात्रीची खोली, एक खासगी फेरी तिकीट आणि एका दिवसाचं जेवण. बोट रद्द झाली तर हाच खर्च येतो, दुसरा कुठला नाही. नाही लागला तर परत वाटायचा.

*

चौदा_तिकिटं

तीन डबे! हे छापून भिंतीवर लावतो. नाखवा, खूप आभार.

दोन प्रश्न उरले. हॅवलॉकच्या एलिफंट बीचला बोटीने जावं की चालत? आणि नीलचा तो दगडी पूल (किनाऱ्यावरची नैसर्गिक कमान) ओहोटीलाच दिसतो म्हणतात, तर तारीख त्याप्रमाणे ठरवायची का? आमच्यातले एक काका रत्नागिरीचे आहेत, ते म्हणतात पंचांग द्या, मी वेळ सांगतो.

*

उधाण_भांग

काकांना सांगा, तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशेब तिथे चालणार नाही. तो आपल्या किनाऱ्यापुरता बसवलेला आहे. भरतीची लाट प्रत्येक किनाऱ्यावर वेगळ्या वेळी पोहोचते, आणि अंदमान तर बंगालच्या उपसागराच्या पलीकडच्या कडेला आहे. पोर्ट ब्लेअरची भरती-ओहोटीची तालिका मिळते, तीच बघा.

पंचांगाचा उपयोग मात्र आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असतं, म्हणजे भरती जास्त वर आणि ओहोटी जास्त खाली. अष्टमीच्या सुमारास भांग, पाणी फारसं उतरत नाही. दगडी पूल बघायचा तर उधाणाच्या दिवसांतली ओहोटी उत्तम. दिवसात दोन ओहोट्या आणि त्यांची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. दिवस 4 ला ओहोटी दुपारी 2 ला असेल तर दिवस 5 ला पावणेतीनच्या पुढे. त्यामुळे अख्ख्या सहलीची तारीख हलवायची गरज नाही. नीलवरच्या दोन दिवसांत कधी काय करायचं एवढंच ठरवा: पाणी उतरलेलं असताना पूल, पाणी चढलेलं असताना भरतपूर किनारा. भरतपूरला ओहोटीत प्रवाळ इतके उघडे पडतात की पोहताही येत नाही आणि काचेच्या तळाची बोटही नीट चालत नाही. हेच लोक उलटं करतात आणि मग "नीलमध्ये काही नाही" असं लिहितात.

पुलाकडे जाताना शेवटचा टप्पा शेवाळलेल्या दगडांवरून आणि मृत प्रवाळांवरून आहे. स्लीपर घालून गेलात तर पाय कापणार. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल्स घ्या. ज्येष्ठांनी शेवटच्या टप्प्यात हट्ट करू नये. दगडांच्या खळग्यांत अडकलेलं पाणी, त्यातले खेकडे आणि मासे ही मुलांची खरी मजा, त्यासाठी कमानीपर्यंत जायलाच हवं असं नाही. ओहोटीच्या नेमक्या वेळेच्या तासभर आधी पोहोचा, म्हणजे परतताना पाणी मागे लागत नाही.

एलिफंट बीच: तुमच्या ग्रुपला बोट. हॅवलॉकच्या जेट्टीवरून छोट्या बोटी जातात, त्यात बहुधा थोडं स्नॉर्केलिंग धरलेलं असतं. आधी विचारा किती मिनिटं आणि कुठे. चालत जायची वाट राधानगरच्या रस्त्यावरून फुटते, साधारण दोन किलोमीटर जंगलातून, शेवटी चिखल आणि खारफुटीची मुळं. तरुण मंडळींना सुरेख, पण दुपारनंतर आत सोडत नाहीत आणि पाऊस पडून गेला असेल तर घसरगुंडी. अर्धे चालत, अर्धे बोटीने असा बेत केलात तर भेटायची वेळ आधी ठरवा. तिथे फोनला रेंज मिळेल या भरवशावर राहू नका.

खाऱ्या पाण्यातल्या मगरीबद्दल कोणीच बोलत नाही. खाड्या, खारफुटी आणि ओढ्याची तोंडं ही तिची जागा. 2010 मध्ये राधानगरजवळच्या एका खाडीसारख्या भागात स्नॉर्केलिंग करणारी एक पर्यटक मगरीच्या हल्ल्यात गेली. घाबरायचं कारण नाही, पण लाल पाट्या सजावटीसाठी नसतात. जीवरक्षक आणि माणसं असतील त्याच पट्ट्यात उतरा, मुलांना ओढ्याच्या तोंडाशी खेळायला सोडू नका.

सूर्य लवकर मावळतो हेही लक्षात घ्या. अंदमान आपल्या प्रमाणवेळेच्या रेखांशापासून बरंच पूर्वेला, सुमारे 10 अंश. म्हणजे घड्याळ आपलं आणि सूर्य चाळीस मिनिटं पुढे. फेब्रुवारीत साडेपाचच्या आत सूर्यास्त. "चार वाजता चहा घेऊन राधानगरला निघू" म्हणाल तर अर्धा तासच हाती लागेल. जेट्टीपासून राधानगर साधारण 12 किलोमीटर आहे, तीनलाच निघा. आणि जाताना रिक्षा-जीप केली असेल तर तीच परतीसाठी थांबवा. सूर्यास्तानंतर सगळा किनारा एकदम निघतो, मग 14 जणांना गाडी मिळणं कठीण.

*

एकला_भटक्या

बाकी सगळं पटलं, नीलचा मुक्काम पटला नाही. 4 ज्येष्ठ बरोबर असताना तीन वेळा सामान बांधणं-सोडणं म्हणजे शिक्षा आहे. हॅवलॉकलाच तीन रात्री ठेवा आणि नील एका दिवसात करून परत या. मुक्काम बदलताना अर्धा दिवस जातो: खोली रिकामी करा, जेट्टी, रांग, बोट, पुन्हा खोली मिळायची वाट बघा.

आणि स्कूटरचा विषय कोणी काढला नाही. हॅवलॉकवर भाड्याने मिळतात, मूळ वाहन परवाना बरोबर हवा. आठ तरुणांसाठी चार स्कूटर आणि ज्येष्ठ-मुलांसाठी एक रिक्षा किंवा जीप, हे दिवसभर मोठी गाडी ठेवण्यापेक्षा बरंच स्वस्त. घेण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा आणि ब्रेक बघा. राधानगरच्या रस्त्यावर चढउतार आणि वळणं आहेत, अंधारात सावकाश. नीलवर स्कूटरही नको, सायकल पुरते. बेट बऱ्यापैकी सपाट आहे, जेट्टीपासून सीतापूर किनारा पाचेक किलोमीटर.

*

दर्यावर्दी_नाखवा

भटक्या, सामानाचं म्हणणं खरं आहे, पण हिशेब करून बघा. हॅवलॉकहून नील एका दिवसात म्हणजे माणशी दोन तिकिटं, आणि नंतर हॅवलॉकहून पोर्ट ब्लेअरचं तिसरं. मुक्काम केला तर एकूण दोनच. 14 तिकिटांचा फरक. शिवाय संध्याकाळची परतीची बोट रद्द झाली तर 14 माणसं नीलला आणि कपडे-औषधं हॅवलॉकला. ज्येष्ठांची रक्तदाबाची गोळी दुसऱ्या बेटावर असणं ही काही काटकसर नव्हे. सामानाचं उत्तर वेगळं: जाड कपडे, बूट आणि जे लागणार नाही ते पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात ठेवून जा. पाचव्या दिवशी तिथेच परतायचंय, बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात. बेटांवर माणशी एक पाठपिशवी.

आता बोट रद्द होण्याबद्दल, कारण मूळ प्रश्न तोच होता. फेब्रुवारी ते एप्रिल समुद्र बहुतेक शांत असतो, तुमची तारीख चांगली आहे. तरी पर्यटनाच्या हंगामातही गाडी अडते. डिसेंबर 2016 मध्ये, ऐन मोसमात, वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि त्यांना काढायला नौदलाची जहाजं लागली. म्हणून निघायच्या चार-पाच दिवस आधीपासून हवामान खात्याचा अंदमान-निकोबारसाठीचा इशारा रोज बघा. समुद्रात जाऊ नये असा इशारा मच्छीमारांना दिला असेल तर बोटींचं वेळापत्रकही डळमळणार असं समजा.

रद्द झालीच तर क्रम असा. एक माणूस लगेच तिकीट खिडकीवर, बाकीच्यांनी गर्दी करू नये. पुढच्या बोटीत जागा मागायची, परतावा नंतर. परतावा उशिरा मिळाला तरी मिळतो, जागा मिळत नाही. दुसऱ्याने त्याच वेळी आजच्याच हॉटेलला फोन करून रात्र वाढवायची, कारण तासाभरात अख्खं बेट तेच करणार असतं. 14 जागा एकदम मिळाल्या नाहीत तर ज्येष्ठ, मुलं आणि त्यांच्याबरोबर दोन तरुण पहिल्या बोटीने, उरलेले पुढच्या. ही वाटणी घरूनच ठरवा. सगळे एकत्रच जाणार असा हट्ट धरणारे ग्रुप सगळ्यात शेवटी पोहोचतात.

तिकिटांसाठी एक कागद करा: ओळखपत्रावर आहे तसंच नाव, वय, लिंग, ओळखपत्राचा क्रमांक. 14 ओळी. हा कागद विमान, फेरी, हॉटेल सगळीकडे लागतो. मूळ ओळखपत्रं ज्याची त्याच्याजवळ, एकाच पिशवीत सगळी नकोत. बोटीच्या वेळेच्या तासभर आधी धक्क्यावर. सामान तपासणी असते आणि वेळ झाली की फाटक बंद होतं, नंतर कितीही हात जोडा.

काकूंना बोट लागण्यावर: जागा बोटीच्या मधोमध, खालच्या मजल्यावर. पुढच्या टोकाला सगळ्यात जास्त हेलकावे, आणि खिडकीतून दिसतं म्हणून लोक तिथेच बसतात. नजर क्षितिजावर, मोबाइल बंद. रिकाम्या पोटी नको आणि भरल्या पोटीही नको: इडली, कोरडी बिस्किटं, आल्याचा तुकडा. तेलकट पुरी-भाजी त्या दिवशी वर्ज्य. मळमळ थांबवणारी गोळी निघण्यापूर्वी किमान तासभर घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली बहुतेक वेळा उलटीबरोबरच बाहेर येते. या गोळ्यांनी झोप येते, तोंड कोरडं पडतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ज्येष्ठांना देऊ नका. आणि ज्याला उतरल्यावर स्कूटर चालवायची आहे त्याने घेऊ नये.

*

उधाण_भांग

सहाव्या दिवशी रॉस किंवा नॉर्थ बे करणार असाल तर छोट्या बोटीत चढताना माणसं मोजा. 26 जानेवारी 2014 ला त्याच भागात क्षमतेपेक्षा जास्त माणसं भरलेली पर्यटक बोट बुडाली आणि 21 जण गेले. जीवरक्षक जाकीट हातात धरून फोटो काढायचं नसतं, अंगात घालून पट्टे बांधायचे असतात. मुलांच्या मापाचं आहे का ते चढण्याआधी मागा. मोठ्यांचं जाकीट मुलाला घातलं की पाण्यात ते डोक्यावरून निसटतं. गर्दी दिसली तर पुढची बोट.

स्कूबा करणारे असतील तर ते तिसऱ्या दिवशी हॅवलॉकला उरकून घ्या. डुबकीनंतर विमानात बसण्याआधी निदान 18 तास जाऊ द्यावे लागतात. तुमच्या आखणीत ते आपोआप बसतंय. पोहता यायलाच हवं असं नाही, पण दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास लपवू नका. सर्दी असताना तर जाऊच नका, कान मोकळे होत नाहीत. 10 वर्षांखालच्यांना घेत नाहीत, म्हणजे तुमचं 9 वर्षांचं पिल्लू स्नॉर्केलिंगवर समजवा.

सेल्युलर जेलची साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी आहे ते विमानाची तारीख पक्की करण्याआधी बघा. ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाची जागाही आधी धरा. 1911 ते 1921 सावरकर जिथे होते ती कोठडी बघायला मराठी माणसं हटकून वरच्या मजल्यापर्यंत चढतात, जिने बरेच आहेत, ज्येष्ठांसाठी वेळ जास्त धरा.

*

पैपैचा_हिशेब

थोडं सुटलेलं. ऑगस्ट 2020 मध्ये समुद्राखालची केबल सुरू झाल्यापासून इंटरनेट पूर्वीपेक्षा बरंच सुधारलंय, यूपीआयही चालतं. पण वीज गेली किंवा रेंज गेली की लहान हॉटेलात रोखच लागते. खजिनदाराने सामाईक डब्याचे निम्मे पैसे पोर्ट ब्लेअरलाच रोख काढून ठेवावेत. बेटांवरच्या एटीएमला सुट्टीच्या दिवसांत रांग असते आणि पैसे संपतात. रोख दोन माणसांकडे विभागून.

खाण्यात पैसे वाचवायचे तर रिसॉर्टमध्ये फक्त नाश्ता घ्या आणि जेवायला बाजारात जा. हॅवलॉक-नीलच्या वस्तीत बंगाली कुटुंबं बरीच आहेत, त्यामुळे डाळ-भात-भाजी-मासे अशी साधी थाळी मिळते. नील तर अंदमानचा भाजीपाल्याचा मळा, शाकाहारी मंडळी उपाशी राहणार नाहीत. 14 जणांनी एकदम दारात उभं राहायचं नाही. सकाळीच जाऊन संख्या सांगून या, नाहीतर भात संपतो आणि दुसरा शिजेपर्यंत मुलं रडकुंडीला येतात.

प्रत्येकाची पाण्याची बाटली घरून, बाटलीबंद पाण्यावर 14 जणांचे सात दिवस म्हणजे चांगली रक्कम होते आणि कचरा वेगळाच. वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्यावर खोबरेल तेल चोपडून बसा. आणि शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे काहीही उचलू नका. प्रवाळ आणि बरेच शंख वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, विमानतळावर सामान तपासताना काढून घेतात आणि प्रकरण वाढूही शकतं. नीलहून निघताना दोन्ही मुलांचे खिसे किनाऱ्यावरच रिकामे करून घ्या.